होडी कॅरियरला, पण कॅरियर कशाला?

दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट पाच-दहा मिनिटांची. वाशिष्ठीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे उतरून गुहागरच्या रस्त्याला लागायचं. दोन वर्षांपूर्वी मी त्या फेरीबोटीवर गाडी चढवली तेव्हा माझ्या गाडीच्या टपावर पिवळ्या रंगाची कयाक बांधलेली होती. बोटीवर गाडी, गाडीवर बोट. आजूबाजूची पोरं हसत होती, फोटो काढत होती. मलाही त्याचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू?

फेरीबोटीवर दोर सांभाळणारे एक म्हातारे चाचा होते. लुंगी, डोक्याला रुमाल, आयुष्य खाडीत गेलेला माणूस. ते गाडीजवळ आले. कयाकचं पुढचं टोक हातात धरून त्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवलं. कयाक हलली, कॅरियर हलला आणि त्याबरोबर टपसुद्धा किंचित कुरकुरला. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "होडी कॅरियरला बांधलीस बाबा, कॅरियर कशाला बांधलायस?"

"टपाला," मी म्हणालो.

"आणि टप?"

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर ते हसू माझ्या अंगाशी आलं. आज जे लिहितोय ते त्या एका प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ज्यांच्याकडे हार्डटॉपची गाडी आहे आणि ज्यांना टपावर कयाक न्यायची हौस आहे, त्यांनी ते वाचावं. ज्यांना अशी हौस नाही पण जे अशा गाडीच्या मागे मोटारसायकल चालवतात, त्यांनी तर जरूर वाचावं, कारण हा प्रश्न जास्त त्यांचा आहे.

आधी माझी चूक सांगतो. माझी गाडी जुन्या थारपैकी. ती कंपनीतून कापडी टपाची आली होती. पुण्याच्या पावसाला आणि धुळीला कंटाळून मी बाहेरून फायबरचा हार्डटॉप बसवून घेतला, जसा त्या काळात पुष्कळांनी बसवला. मग कयाक आली. माझं आजोळ गुहागरच्या बाजूला, घरापासून खाडी दहा मिनिटांवर. लहानपणी मामूंच्या डोणीतून ज्या पाण्यात फिरलो त्या पाण्यात स्वतःच्या हाताने वल्हं मारावं, इतकीच इच्छा. कयाक घेताना मी महिनाभर अभ्यास केला. लांबी किती, रुंदी किती, तळ सपाट की गोल, सगळं वाचलं. कॅरियर घ्यायला मात्र मला वीस मिनिटं लागली. शहरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. काळा, जाडजूड, टोपलीसारखा, पुढे दिवे लावायची सोय असलेला कॅरियर टांगलेला होता. गाडीला शोभेल असा वाटला. दुकानदाराने हार्डटॉपला चार भोकं पाडली, बोल्ट टाकले, आतून वॉशर लावून आवळले, भोवती सिलिकॉन थापलं आणि म्हणाला, "साहेब, आता हत्ती ठेवा वर."

हत्ती नाही, सत्तावीस किलोची कयाक ठेवली. आणि तेवढ्यानेच व्हायचं ते झालं.

परतीला गुहागरहून चिपळूणला आलो, परशुराम घाट चढलो आणि खेडच्या अलीकडे चौपदरी रस्ता मोकळा मिळाला म्हणून वेग वाढवला. ऐंशीच्या पुढे गेल्यावर टपातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वारा आहे, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एक ठाक असा आवाज झाला आणि काचेतून कयाकचं पुढचं टोक वर उचललेलं दिसलं. वीतभर. एखाद्या पक्ष्याने मान वर करावी तसं. आरशात पाहिलं. मागे, फार अंतर न ठेवता, एक मोटारसायकल होती. त्यावर नवरा, बायको आणि टाकीवर बसवलेलं चार-पाच वर्षांचं मूल.

त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या डोक्यात काय आलं ते इथे लिहिण्याची माझी हिंमत नाही. मी ब्रेक हळूच दाबला, गाडी कडेला घेतली. कयाक पडली नाही. पुढचे दोन बोल्ट फायबर फाडून वर आले होते, मागच्या दोघांनी कसाबसा धीर धरला होता. मोटारसायकलवाला थांबला. मला वाटलं आता हा शिव्या देणार आणि त्याने दिल्या असत्या तर मी मान खाली घालून ऐकल्या असत्या. त्याने गाडी स्टँडवर लावली, मुलाला बायकोकडे दिलं आणि विचारलं, "दादा, दोरी आहे का?" त्याच्या डिकीतून निघालेल्या नायलॉनच्या दोरीने आम्ही दोघांनी ती कयाक दोन्ही दारांतून आरपार बांधली. ज्याच्या घरावर मी नांगर फिरवणार होतो, तोच माणूस माझी गाठ आवळत होता.

मी चाळिशीच्या वेगाने पुण्याला पोहोचलो. ताम्हिणीत पाऊस लागला आणि दारातून आत आलेल्या दोरीवरून पाणी थेंबथेंब माझ्या मांडीवर पडत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "साहेब, सगळे असंच लावतात." हे मात्र खरं होतं. सगळे असंच लावतात. म्हणूनच हा लेख.

आता चाचांच्या प्रश्नाकडे येऊ. कॅरियर म्हणजे एक साखळी आहे. कयाक पट्ट्याला, पट्टा आडव्या दांडीला, दांडी पायाला, पाय टपाला, टप गाडीच्या बॉडीला. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच. आपण बाजारात जातो आणि दांडी किती जाड आहे ते बघतो. दांडी सहसा तुटत नाही. तुटतो तो तिच्या पायाखालचा आधार. आणि हार्डटॉपच्या गाडीत नेमकी तीच कडी कच्ची असते.

कारण हार्डटॉप म्हणजे घराचं छप्पर आणि साध्या मोटारीचा टप म्हणजे घराची भिंत, असा फरक आहे. साध्या मोटारीचा पत्र्याचा टप खांबांसकट बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. काढता येणारा हार्डटॉप मात्र वरून ठेवलेला आणि बोल्टने, कड्यांनी धरलेला असतो. त्याचं काम ऊन, पाऊस, वारा अडवणं. जीप रँग्लर आता पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाते. तिच्या हार्डटॉपचे पुढचे तुकडे तर हाताने काढून मागे ठेवण्यासाठीच बनवलेले आहेत. जी वस्तू काढण्यासाठी बनवली तिच्यावर आपण ओझं टांगतो आणि ती जागेवर राहील अशी अपेक्षा करतो.

उलट बाजूला मारुतीची जिम्नी आहे. तीही दिसायला तशीच चौकोनी, पण तिचा टप पत्र्याचा आणि वेल्ड केलेला. दोन्ही कडांना पाणी वाहून जाण्याची जुन्या पद्धतीची पन्हळ आहे. त्या पन्हळीला पकड घेणारे कॅरियर मिळतात. भोक पाडायला नको आणि भार थेट बॉडीच्या कडेवर जातो. पूर्वीच्या ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी टॅक्सींच्या टपावरचे कॅरियर अशाच पन्हळीला धरलेले असायचे. आपल्या आईवडिलांच्या पिढीने त्यावर वळकट्या, ट्रंका बांधून अख्खं कोकण पालथं घातलं, ते उगाच नाही. पन्हळीचा आधार साधा, पण पक्का.

तेव्हा कॅरियर निवडताना पहिला प्रश्न कॅरियरचा नाहीच. पहिला प्रश्न असा: माझा टप कशाचा आहे आणि तो कशावर टेकलाय? गाडीची पुस्तिका उघडा. टपावर चालत्या गाडीत किती किलो चालतात, हे बहुतेक कंपन्या लिहितात. तो आकडा कॅरियरसकट असतो, हे विसरू नका. मी माझा तो शोभिवंत काळा कॅरियर काढल्यावर आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. चौतीस किलो! म्हणजे सत्तावीस किलोची कयाक नेण्यासाठी मी आधीच तिच्याहून जड वस्तू कायमची डोक्यावर घेऊन फिरत होतो. ॲल्युमिनियमच्या दोन साध्या आडव्या दांड्या पायांसकट सहा-सात किलोंत बसतात. कयाकला टोपली लागतच नाही. तिला लागतात दोन दांड्या, एकमेकींपासून पुरेशा लांब.

पुस्तिकेत कधी कधी दोन आकडे असतात, उभ्या गाडीचा आणि चालत्या गाडीचा. टपावर तंबू लावणारे लोक उभ्या गाडीचा मोठा आकडा सांगून दुसऱ्यांना फसवतात आणि स्वतःही फसतात. उभ्या गाडीत फक्त वजन असतं. चालत्या गाडीत वजनाबरोबर खड्डा असतो, वळण असतं, ब्रेक असतो, वारा असतो. जोरात ब्रेक दाबला की सत्तावीस किलोची कयाक जवळजवळ वीस किलोच्या जोराने पुढे सरकायला बघते. आणि वाऱ्याचं गणित तर सरळ आहे: वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. पन्नासच्या वेगाला जी कयाक शांत झोपलेली असते, ती शंभरला चौपट ताकदीने ओढली जाते. त्यातून तिचं टोक जरा वर असेल तर वारा खाली शिरून तिला उचलतो. माझे बोल्ट वजनाने खाली दबून गेले नव्हते. ते वर उपटले गेले होते. दुकानदाराने हत्तीचा विचार केला, वाऱ्याचा नाही.

मग पर्याय काय? माझ्या मते चार आहेत आणि त्यांची उतरंड स्पष्ट आहे.

पहिला, सगळ्यात चांगला: ज्याचे पाय हार्डटॉपवर टेकतच नाहीत असा कॅरियर. पुढचे दोन पाय बॉनेटच्या मागे, काचेच्या चौकटीच्या बुडाशी बॉडीवर आणि मागचे दोन पाय मागच्या चाकांच्या वरच्या बॉडीच्या कडेवर. टप मधल्या मध्ये मोकळा. रँग्लरसाठी अशा सांगाड्याचे कॅरियर तयार मिळतात. जुन्या गाड्यांसाठी चांगला फॅब्रिकेशनवाला शोधावा लागतो. खर्च जास्त, दिसायला थोडं ओबडधोबड. पण दांडी आणि टप यांच्यामध्ये घडी घातलेलं वर्तमानपत्र सरकवता आलं पाहिजे, ही त्याची परीक्षा. वर्तमानपत्र अडकलं तर भार टपावर येतोय.

दुसरा: पन्हळ असेल आणि ती पत्र्याची, बॉडीचाच भाग असेल, तर पन्हळीला धरणारा कॅरियर. मात्र फायबरच्या टपालाही कधी कधी पन्हळीसारखी कड असते. ती दिसायला पन्हळ, जातीने फायबर. तिच्यावर पकड आवळली की कड चिरते. बोटाने वाजवून बघा, पत्रा आणि फायबर वेगळे वाजतात.

तिसरा: भोक पाडून बसवलेला कॅरियर. हा मी सरसकट वाईट म्हणणार नाही. आतून नाण्याएवढ्या वॉशरऐवजी तळहाताएवढी जाड धातूची पट्टी असेल, तिच्यावरून भार आतल्या लोखंडी चौकटीवर जात असेल आणि भोकाला रबरी सील असेल तर तो हलक्या ओझ्याला चालतो. पण हे काम करणारे थोडे आणि "सगळे असंच लावतात" म्हणणारे फार. शिवाय फायबरला पाडलेलं भोक कायमचं असतं. कोकणातला पाऊस एकदा वाट शिकला की ती विसरत नाही.

चौथा: कॅरियरच नाही. फोमचे ठोकळे किंवा हवेच्या गाद्या टपावर ठेवायच्या आणि दारांतून पट्टे ओवायचे. जवळच्या जवळ, गावातल्या रस्त्याने, कमी वेगाने नेण्यापुरतं ठीक. घाट आणि महामार्ग यासाठी नाही. पाऊस असेल तर माझ्यासारखी मांडी भिजवून घ्यायची तयारी ठेवा.

मी शेवटी पहिला पर्याय घेतला. सहा महिने कयाक घरात उभी राहिली, घरच्यांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातले, पण घाई केली नाही. फॅब्रिकेशनवाल्याला एकच सांगितलं, मूळ बॉडीला कापायचं नाही, वेल्ड मारायचं नाही, असलेल्या बोल्टच्या जागा वापरायच्या आणि सगळा सांगाडा तासाभरात उतरवता आला पाहिजे.

उतरवता येण्याचा आग्रह दोन कारणांसाठी. एक म्हणजे पेट्रोल-डिझेल. कयाक नसताना रिकामा कॅरियर वारा अडवत राहतो आणि त्याचे पैसे आपण पंपावर भरतो. दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. बाहेरून बसवलेला हार्डटॉपदेखील या प्रश्नातून सुटत नाही. मीच त्या वेळी हे विचारलं नव्हतं, ही माझी कबुली. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४ चं पोटकलम १(अ) तर थेट आपल्यासाठीच आहे: ओझं बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीच्या हद्दीबाहेर गेलं तर २०,००० रुपये दंड. लांब कयाक घेणाऱ्यांनी हे आधी वाचावं. चौदा फुटी, दोघांची कयाक सव्वाचार मीटरच्या पुढे जाते. जिम्नी आणि तीन दरवाजांची नवी थार या दोन्ही गाड्यांची लांबी ३,९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला थोडी कमी. गाडीपेक्षा होडी लांब! दहा फुटी कयाक तीन मीटरची, ती टपात मावते. गाडी आखूड असेल तर कयाकही आखूडच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे काही बाहेर येत असेल तर दिवसा लाल कापड आणि रात्री लाल दिवा लावाच, पण ते मागच्याला सावध करण्यासाठी. हद्द ओलांडण्याचा तो परवाना नव्हे.

लांबीचा आणखी एक त्रास दुकानात कुणी सांगत नाही. अशा बऱ्याच गाड्यांची मागची काच वर उघडते. कयाकचं शेपूट मागे आलं की काच त्याला आपटते आणि सामान काढायचं तर आधी होडी सोडावी लागते. तसंच उंचीचं. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे कंस मिळतात, त्यांत कयाक कुशीवर उभी राहते. दोन कयाक शेजारी मावतात, हे खरं. पण आधीच दोन मीटरला टेकलेल्या गाडीवर कुशीवरची कयाक चढवली की एकूण उंची पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. सोसायटीच्या आणि मॉलच्या तळघराच्या दारावरचा आडवा लोखंडी दांडा बहुधा त्याहून बराच खाली असतो. एकच कयाक असेल तर ती दांड्यांवर गुंडाळलेल्या फोमवर पालथी घाला. वर तळ, खाली कडा. कडा मजबूत असतात, तळ लवचीक. उंची कमी राहते आणि पावसाचं पाणीही आत साठत नाही.

दांड्या एकमेकींपासून जितक्या लांब तितकं बरं, दोन फुटांपेक्षा जवळ कधीच नकोत. जवळ असल्या की कयाक त्यांवर झोपाळ्यासारखी झुलते. पट्टे पॉलिस्टरचे घ्या. नायलॉन भिजलं की ताणतं, म्हणजे पाऊस सुरू झाला की तुमची गाठ सैल. ट्रकवाले वापरतात ते कटकट आवाज करणारे रॅचेट पट्टे कयाकसाठी नकोत. त्यांत जोर फार येतो आणि मे महिन्याच्या उन्हात मऊ पडलेला प्लास्टिकचा तळ त्यांच्याखाली पोचतो. साधं कॅम बकल, हाताने ओढून जेवढं बसेल तेवढंच. पट्ट्याला एक-दोन पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी केलं नव्हतं: पुढच्या टोकापासून एक दोर खाली, बंपरच्या टोइंग हुकाला. मागच्या टोकापासूनही तसाच. पुढचा दोर शक्यतो दोन बाजूंना, उलट्या व्हीसारखा. मधले पट्टे कयाक धरून ठेवतात, टोकांचे दोर वाऱ्याला अडवतात. उद्या कॅरियर उपटला गेला तरी हे दोन दोर कयाकला गाडीशी बांधून ठेवतील, मागच्या मोटारसायकलवर जाऊ देणार नाहीत. शंभर-दोनशे रुपयांच्या दोराचं हे काम. मी हजारोंचा कॅरियर घेतला आणि हा दोर घेतला नाही.

निघाल्यावर पाच किलोमीटरवर थांबा. उतरा. हलवून बघा. बसलेली वस्तू पहिल्या काही किलोमीटरांत जागा शोधते, पट्टा सैल होतो. नंतर प्रत्येक चहाला एकदा हात लावा. आणि कयाक टपावर असताना ऐंशीच्या वर जाऊ नका. घाई असेल तर कयाक घरी ठेवा. पाण्यावर निवांतपणा शोधायला निघालेल्या माणसाला रस्त्यावर घाई कसली?

मला ठाऊक आहे, यावर काही जण काय म्हणतील. वडापच्या जीपच्या टपावर माणसं बसतात, सुमोवर गाद्या आणि कपाटं जातात, लग्नाच्या गाडीवर पलंग जातो, काही होत नाही. तुम्ही एका प्लास्टिकच्या होडीसाठी एवढं पुराण लावता! या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. त्या सुमोचा टप पत्र्याचा असतो आणि ती गाडी खड्ड्यांतून तीस-चाळीसच्या वेगाने जाते. कपाटाला पोट फुगवून वारा खायची सवय नसते. पण त्या बोलण्यात एक खोटी गोष्टही आहे, ती म्हणजे "काही होत नाही". होतं. गादी उडाल्याने पडलेले दुचाकीस्वार आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेत. ते आपल्या घरातले नव्हते, इतकंच. आणि ज्याला पोट भरण्यासाठी कपाट न्यायचं आहे त्याची लाचारी मी समजू शकतो. माझी तर हौस होती. माणूस गरजेपोटी धोका पत्करतो तेव्हा त्याला माफी असू शकते, हौसेपोटी दुसऱ्याला धोक्यात घालतो तेव्हा नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगला कॅरियर कयाकच्या निम्म्या किमतीला पडतो. मग कयाक घेतानाच तो हिशेब धरा. तेवढे पैसे नसतील तर हवा भरायची कयाक घ्या, ती डिकीत जाते. नाहीतर कयाक खाडीकाठी कुणा नातेवाइकाच्या पडवीत ठेवा आणि तुम्ही एसटीने जा. एस्किमो म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या इनुइट लोकांनी सीलच्या कातड्याची कयाक बनवली ती एका माणसाला खांद्यावर उचलून नेता येईल इतकी हलकी. आपण ती प्लास्टिकची केली, जड केली, मग तिच्यासाठी गाडी घेतली, मग गाडीसाठी कॅरियर. प्रत्येक पायरीवर मूळ हौस मागे पडत गेली आणि सामान पुढे आलं. ज्याच्याकडे कॅरियर नाही त्याची हौस कमी अस्सल आहे, असं मला मुळीच वाटत नाही. मामूंकडे गाडी नव्हती आणि पाणी त्यांच्याइतकं कुणाला कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा दाभोळला गेलो. फेरीबोटीवर तेच चाचा होते. त्यांनी मला ओळखलं नाही, कयाकला ओळखलं. जवळ आले, टोक धरलं आणि हलवलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. या वेळी कयाक हलली नाही, कॅरियर हलला नाही, टप कुरकुरला नाही. सगळी गाडीच स्प्रिंगांवर डुलली. चाचांनी एकदा वाकून पुढच्या दोराची गाठ बघितली, बोटाने दाबली, काही न बोलता पुढच्या गाडीकडे गेले.

त्या मोटारसायकलवाल्याचं नाव मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. दोरी परत द्यायची राहिली, ती अजून माझ्या गाडीत आहे. टोकाच्या गाठीला मी तीच वापरत नाही, ती नायलॉनची आहे. पण निघण्यापूर्वी दर वेळी ती हातात घेतो आणि मग सगळे पट्टे पुन्हा एकदा तपासतो.